मंत्राच्या ड्युरेशनची (किती वेळ टिकतो याची) ओळ वाचायला लावणाऱ्या आमच्या डीएमला (डंजन मास्टरला)

प्रिय डीएम,

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात तू गोष्ट चालवतोस आणि आम्ही पात्रं खेळतो; टेबलावर तुझे आभार मानायला जावं तर तेवढ्यात कोणीतरी इनिशिएटिव्ह (लढाईत कोणाची पाळी आधी, याचे फासे) टाकायला सांगतं. म्हणून हे उघड पत्र.

खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मंत्र निवडताना आमची नजर आधी डॅमेजवर जाते. तू मात्र ड्युरेशनच्या ओळीवर बोट ठेवून विचारतोस, "जादू अजून चालू आहे, की काम उरकून गेली?" या एका प्रश्नाने माझा अर्धा गोंधळ मिटला. मेलेल्यांना उठवणारा ॲनिमेट डेड ‘इन्स्टंटेनियस’ (क्षणात उरकणारा) आहे. सांगाडा उभा राहिला की जादू संपली, मग चालू जादू मोडणारा डिस्पेल मॅजिक मोडणार काय? कंटिन्युअल फ्लेमचं उलटं. 50 सुवर्णनाण्यांची माणकाची पूड खर्चून लावलेली ती ज्योत शेकडो वर्षांनीही थडग्यात जळत असेल, पण तो खालच्या, दुसऱ्या लेव्हलचा मंत्र, त्यामुळे साधा डिस्पेल मॅजिक तिला हमखास विझवतो. जादू दाबणाऱ्या अँटिमॅजिक फील्डमध्ये ती फक्त दबते, बाहेर आणली की पुन्हा उजेड.

दगडी भिंत उभारणाऱ्या वॉल ऑफ स्टोनचा प्रसंग तर विसरणं शक्यच नाही. पूर्ण 10 मिनिटं कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच मंत्रावर धरता येणारं लक्ष) टिकलं तर भिंत कायमची होते, आणि मग ती डिस्पेलही होत नाही. 10 मिनिटं म्हणजे लढाईच्या 100 फेऱ्या, म्हणजे राउंड! लढाई कधीच संपली होती, शत्रूचा सरदार पळत सुटला होता, आणि मला फ्लाय हा उडण्याचा मंत्र टाकून त्याच्या मागे जायचं होतं. तू शांतपणे म्हणालास, "फ्लायलाही कॉन्सन्ट्रेशन लागतं." सरदार निसटला, भिंत राहिली, आणि मागचं गाव वाचलं. हा निर्णय तू माझ्यावर सोडलास, याचेच आभार जास्त.

तिसऱ्या आवृत्तीत जादू कायमची करणारा पर्मनन्सी नावाचा मंत्र होता. पात्राने कमावलेले अनुभवाचे गुण खर्चले की काम झालं. मला आताची पद्धत जास्त आवडते, कारण किंमत कथेतच चुकवावी लागते. दूरच्या जागी क्षणात नेणारं टेलिपोर्टेशन सर्कल एकाच जागी वर्षभर रोज टाका, मग कायमचं. रोजचा एक पाचव्या लेव्हलचा स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी), शिवाय 50 नाण्यांचे खडू-शाई, वर्षाचे 18,250. आमच्या खजिनदाराला हा आकडा अजून सांगितलेला नाही, तूही सांगू नकोस.

पुढच्या सेशनपासून सुरुवात करतोय. त्या वर्षात तू काय काय अंगावर सोडणार आहेस, याचा अंदाज आहेच.

तुझा,
टेबलावरचा जादूगार