दिवाळीला येणे होणार नाही, म्हणून

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

शिष्यवृत्तीला वर्षाची मुदतवाढ मिळाली आणि मी होकार कळवला आहे. तुम्हाला विचारले असते, तर आई लगेच "राहा" म्हणाली असती आणि बाबा गप्प बसले असते, आणि त्या गप्प बसण्यापुढे माझा निर्णय टिकला नसता. माझी चिंता करू नका. ग्लासगोत थंडी असली तरी खोली उबदार आहे, तूरडाळ मिळते आणि गोडा मसालाही पुरून उरला आहे.

"शिवणकामाचा कसला अभ्यास?" असे मावशी विचारते, तिला एवढे वाचून दाखवा. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुलीला शिवण, ठिगळ, रफू, काज, चुण्या यांचे नमुने करावे लागत, तेही बहुधा पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्याने. टाका जितका बारीक, तितकी तिची वाहवा. वर्गाकडून हुकमावर सुई-दोऱ्याची कवायत करून घेण्याचीही तेव्हा पद्धत होती. आई, तुझ्या डी.एड.च्या वहीत पानोपानी टाचलेले तुकडे मला आठवतात. काजांच्या पानावरून मी बोट फिरवू लागले की तू आधी हात धुवायला पाठवायचीस.

इथल्या कलाशाळेत जेसी न्यूबेरी यांनी १८९४ मध्ये भरतकामाचे वर्ग सुरू केले. त्यांच्या विद्यार्थिनी ॲन मॅकबेथ पुढे तिथेच शिकवू लागल्या आणि शाळांतल्या शिक्षिकांसाठी शनिवारी वर्ग भरू लागले. मॅकबेथ आणि मार्गारेट स्वॉन्सन यांनी १९११ मध्ये शिक्षिकांसाठी जे पुस्तक लिहिले, त्यात ही बारकाईची हौसच मोडीत काढली: सहा वर्षांच्या मुलीच्या हाती जाडेभरडे कापड आणि उठून दिसणारा रंगीत दोरा द्यावा, टाके मोठे घालू द्यावेत, नुसते नमुने न करता वापरातली वस्तू शिवू द्यावी आणि नजर व बोटे तयार होतील तसतशी बारकाई वाढवावी. कोवळ्या डोळ्यांना ताण देऊन मिळवलेली सफाई त्यांना नको होती, आणि मला तरी हे शिवणापेक्षा शिक्षणशास्त्रच अधिक वाटते.

आता तुझ्या डोळ्यांविषयी. मोतीबिंदू असताना रात्री काळ्या ब्लाउजवर काळ्या दोऱ्याने हातशिलाई करणे आजपासून बंद. शेजारच्या काकूंना फॉल बाहेरून लावून घ्यायला सांग. त्या रागावणार नाहीत, रागावल्या तर माझे नाव सांग. तुझ्या हाताची सफाई गेली असे मी म्हणत नाही, तशी सफाई इथे पेट्यांत जपलेल्या जुन्या नमुन्यांतही क्वचित दिसते. पण दादाच्या छोटीसाठी गोधडी घालशील ना? जुन्या सुती साड्या, लाल दोरा आणि चांगला लांब धावदोरा, तोही दुपारच्या उजेडात खिडकीशी बसून.

बाबा, थेंब वेळेवर घालण्याची जबाबदारी तुमची. शस्त्रक्रियेची तारीख तुम्हीच ठरवा, आईवर सोपवलीत तर ती लग्नसराई संपेपर्यंत ढकलेल. दादाशी बोलले आहे, तो रजा काढून येईल.

तुमची,
माई