भरवसा श्रद्धेवर नको, वागण्यावर ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोसायटीचा खजिनदार निवडायचा असो, दुकानाच्या गल्ल्यावर माणूस बसवायचा असो की घर भाड्याने द्यायचे असो, ‘माणूस देवभीरू आहे’ ही शिफारस आपल्याकडे अजून चालते. तिची दुसरी बाजू कोणी उघड बोलत नाही, पण ती गृहीत असते : जो देव मानत नाही त्याला कशाचाच धाक नाही, म्हणून त्याचा भरवसा नाही. प्यू संशोधन केंद्राने २०१९ मध्ये ३४ देशांत विचारले होते की, नीतीने वागण्यासाठी देव मानणे आवश्यक आहे का. भारतात ७९ टक्के लोकांनी होकार दिला, स्वीडनमध्ये ९ टक्क्यांनी.

या प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत प्रत्यक्ष मोजमाप करून बरेच काम झाले आहे. ते मराठीत फारसे पोहोचलेले नाही, म्हणून पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. सार आधीच सांगतो. माणूस काय मानतो यावरून तो कसा वागेल याचा अंदाज फार थोडा बांधता येतो. त्याला घाई किती आहे, मागणारा समोर उभा आहे का, हिशेब कोण तपासतो, यावरून कितीतरी अधिक बांधता येतो.

मोजताना चूक कुठे होते ते पाहू. ‘तुम्ही गरजूंना किती वेळा मदत करता?’ असे कागदावर विचारले की धार्मिक माणसे सरासरीने स्वतःला जास्त गुण देतात. त्यांचे वागणे तिऱ्हाइताने पाहिले की ती तफावत बरीचशी विरते. चारचौघांत चांगले दिसावे ही ओढ धार्मिकांमध्ये सरासरीने थोडी अधिक आढळते, आणि प्रश्नावलीत नेमकी तीच उतरते. दुसरी गडबड वर्गवारीची. आपल्या २०११ च्या जनगणनेत धर्म न सांगणारे सुमारे २८.७ लाख होते, पण स्वतःला नास्तिक म्हणवणारे जेमतेम ३३ हजार, त्यांतले साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले. विचार करून देव नाकारणारा आणि कंटाळून रकाना कोरा सोडणारा या दोघांना एकाच गटात घातले, तर येणाऱ्या सरासरीला अर्थ उरत नाही.

या अडचणी ओळखून विल्हेल्म होफमान आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिका आणि कॅनडातल्या १,२५२ प्रौढांच्या फोनवर तीन दिवस, दिवसातून पाच वेळा संदेश जायचा : गेल्या तासाभरात तुम्ही काही चांगले किंवा वाईट केले का, तुमच्याशी कोणी तसे वागले का, तुमच्या पाहण्यात किंवा ऐकण्यात आले का? ‘तुम्ही कसे आहात’ हे विचारलेच नाही, ‘गेल्या तासात काय घडले’ एवढेच विचारले. वर्षभराची आठवण माणूस सजवून सांगतो, तासाभराची सजवायला वाव कमी. १३ हजारांहून अधिक उत्तरे आली. चांगल्या आणि वाईट, दोन्ही कृत्यांच्या प्रमाणात धार्मिक आणि निधर्मी यांच्यात फरक आढळला नाही. फरक होता तो भावनेच्या तीव्रतेत : वाईट वागल्यावर धार्मिकांना अपराधी वाटणे आणि चांगले वागल्यावर अभिमान, कृतज्ञता वाटणे अधिक उत्कट होते. हा अभ्यासही लोकांच्या सांगण्यावरच उभा आहे आणि तिथले धार्मिक बहुतांशी ख्रिस्ती. त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण आपल्याकडचे ७९ टक्क्यांचे मत तरी कोणत्या मोजमापावर उभे आहे?

नुसते वागणे पाहायचे असेल तर प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण विद्यालयातला प्रयोग अजून तोलामोलाचा आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. तिथल्या ४० विद्यार्थ्यांना छोटे भाषण ध्वनिमुद्रित करण्यासाठी एका इमारतीतून दुसरीत पाठवले. काहींना विषय दिला होता चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलून नेणाऱ्या प्रवाशाची. इतरांना दिला होता नोकरीच्या संधी. निघताना काहींना सांगितले, ‘अजून वेळ आहे, पण निघा’. काहींना, ‘ते तयार आहेत, लगेच जा’. आणि काहींना, ‘तुम्हाला उशीर झालाय, ते केव्हाचे वाट पाहताहेत.’ वाटेतल्या गल्लीत एका दाराशी एक माणूस मान टाकून, डोळे मिटून बसलेला. विद्यार्थी जवळ आला की तो दोनदा खोकायचा आणि कण्हायचा.

वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी मदत केली, मधल्या गटातल्या ४५ टक्क्यांनी, उशीर झालेल्यांपैकी १० टक्क्यांनी. शोमरोन्याच्या गोष्टीवर बोलायला निघालेले काही विद्यार्थी तर त्या माणसाला चक्क ओलांडून गेले. आधी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतली धार्मिकता कोणत्याही प्रकारची असो, कोण थांबेल हे तिच्यावरून सांगता आले नाही. तिचा परिणाम दिसला तो थांबल्यानंतर : ज्यांची धर्ममते पक्की होती, ते ‘मी ठीक आहे, नको’ असे त्याने म्हटले तरी आपल्या मनातली मदत पुढे रेटत राहिले. नमुना लहान आहे आणि नास्तिक त्यात नाहीत, हे खरेच. पण श्रद्धा हाच सद्वर्तनाचा मुख्य आधार असता, तर काही मिनिटांच्या उशिराने एवढी उलथापालथ व्हायला नको होती.

श्रद्धावंतांच्या बाजूचा एक मुद्दा मात्र पक्का आहे आणि तो मोकळेपणाने मान्य करायला हवा. दानधर्म आणि स्वयंसेवा यांत नियमाने प्रार्थनास्थळी जाणारे पुढे असतात. त्यांतला मोठा वाटा स्वतःच्याच धर्मसंस्थेला जातो, पण सगळा नाही. रॉबर्ट पटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल यांनी अमेरिकेत याचा बारकाईने माग काढला. फरक पडत होता तो देवावर किती विश्वास आहे याने नव्हे, तर त्या मंडळीत किती मित्र आहेत याने. घट्ट श्रद्धेचा पण एकटा येऊन एकटा जाणारा माणूस यात पुढे नव्हता. हे आपल्याला कळायला अवघड नाही. दिंडीत, गणेशमंडळात, गुरुद्वाराच्या लंगरात कोणीतरी नावाने हाक मारून काम सांगतो. रक्तदानाच्या दिवशी सकाळी घरी येऊन बोलावतो. नास्तिकाला असा आठवड्याचा मेळावा नाही, आणि ही त्याच्या बाजूची खरी उणीव आहे. ती भरून काढता येते. डॉ. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला, सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देणारा सामाजिक कृतज्ञता निधी ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग गावोगाव करून जमवला गेला. नट लोकप्रिय होते, मागणी थेट होती, पैसे कशासाठी हे स्पष्ट होते. लोकांनी दिले.

स्मरणाचाही परिणाम होतो. मोरोक्कोतल्या माराकेशच्या बाजारात दुकानदारांना स्वतःसाठी पैसे घ्यायचे की दानाला जास्त रक्कम जाऊ द्यायची असा पर्याय दिला. अजान कानावर पडत असताना दानाकडे कल स्पष्ट वाढला, काही वेळाने तो ओसरला. म्हणजे देवाची आठवण काम करते, पण ती ताजी असेपर्यंत.

देवस्थानांनी हे केव्हाच ओळखले आहे. तिरुमला येथे हुंडीतल्या रकमेची मोजदाद परकामणीत होते. मोजायला बसणारे श्रद्धाळूच असतात, तरीही अंगावर खिसे नसलेले कपडे, झडती आणि कॅमेरे यांतून कोणी सुटत नाही. हा भक्तांचा अपमान नव्हे; त्यांच्यावर मोह आणि आळ या दोहोंची वेळ येऊ न देण्याची ती व्यवस्था आहे. अपहार करून तुरुंगात गेलेल्यांशी बोलून डोनाल्ड क्रेसी यांनी १९५३ मध्ये दाखवले की अशा प्रकरणांत तीन गोष्टी जुळून येतात : कोणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, पैशापर्यंत निर्वेध पोहोच, आणि ‘चोरतोय कुठे, उसने घेतोय, परत टाकीन’ ही मनाची समजूत. तिसरी गोष्ट आस्तिकालाही सुचते, नास्तिकालाही.

तेव्हा खजिनदार निवडताना त्याच्या देवघराची चौकशी करण्यापेक्षा एवढे पाहा. पावतीपुस्तकांना छापील अनुक्रमांक हवेत. कोणते पुस्तक कोणाकडे आहे याची नोंद हवी, आणि रद्द पावती फाडून टाकायची नाही, स्थळप्रतीसह पुस्तकातच ठेवायची. जमलेली रोकड त्याच किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. किरकोळ खर्च तीतूनच भागवला की हिशेब तिथेच बिघडतो, कारण जमा आणि खर्च दोन्ही कमी दिसतात. धनादेशावर दोन सह्या असाव्यात, आणि दुसऱ्या सहीवाल्याने कोऱ्या धनादेशांवर आगाऊ सह्या करून ठेवू नयेत. बहुतेक ठिकाणी ही अट इथेच फुकट जाते. बँकेचे पासबुक आणि रोजकीर्द यांचा ताळमेळ खजिनदाराखेरीज दुसऱ्याने महिन्याच्या महिन्याला घालावा. वर्षातून एकदा तरी आगाऊ न कळवता हातातली रोकड मोजावी.

कायद्याने हा प्रश्न आपल्याकडे निकालात काढला आहे. १९६९ च्या शपथ अधिनियमानुसार साक्षीदाराला ईश्वराची शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा यांपैकी काहीही निवडता येते आणि खोट्या साक्षीची शिक्षा दोघांना सारखीच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की कोणताही धर्म न मानण्याचे स्वातंत्र्यही घटनेच्या २५ व्या अनुच्छेदात येते. सरकारी अर्जात धर्म लिहिण्याची सक्ती करता येत नाही. इंग्लंडमध्ये १८६९ पर्यंत नास्तिकाची साक्षच घेतली जात नसे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी त्यातली विसंगती १८५९ मध्येच दाखवली होती : जो नास्तिक खोटेच ‘मी देव मानतो’ म्हणतो त्याची साक्ष हा नियम घेतो, आणि लोकनिंदा पत्करून खरे सांगणाऱ्याची नाकारतो. भाडेकरूला ‘देव मानता ना?’ विचारणारा घरमालक आज हीच चाळणी लावत असतो.

माझ्या निरीश्वरवादी मित्रांनाही दोन शब्द. ‘तुरुंगात नास्तिक नगण्य असतात’ हा दाखला देणे सोडा. तुरुंगातल्या नोंदी कैद्याने सांगितलेल्या धर्मावर असतात. सवलत, सोबत, सणाचे जेवण अशी धर्म सांगण्याची अनेक कारणे तिथे असतात. स्कँडिनेव्हियातल्या कमी गुन्हेगारीचे श्रेयही नास्तिकतेला देता येत नाही. तिथली सुबत्ता आणि समाजसुरक्षा वेगळी काढून मोजल्याशिवाय तो दावा टिकत नाही. आगरकर, र. धों. कर्वे यांचे जीवन निरीश्वरवादी माणूस किती निःस्वार्थ असू शकतो हे दाखवते, पण साने गुरुजीही त्याच महाराष्ट्राचे. थोरांच्या नावांनी सरासरी ठरत नाही.

शेवटी शाळांबद्दल. ‘देव बघतोय’ असे सांगून मुलांना खरे बोलायला शिकवणे सोपे वाटते. पण लॅरी नुची आणि एलियट ट्युरिएल यांनी ख्रिस्ती आणि ज्यू घरांतल्या श्रद्धाळू मुलांना विचारले : देवाने विश्रांतीच्या दिवसाचा नियम काढून टाकला तर त्या दिवशी काम करणे चालेल का? बहुतेक म्हणाली, चालेल. आणि देवानेच चोरी करायला सांगितली तर? बहुतेकांनी ठाम नकार दिला, कारण त्याने दुसऱ्याचे नुकसान होते. मुलांना हा भेद न शिकवता कळतो. मूल्यशिक्षणाच्या तासाला त्यापासूनच सुरुवात करावी : वर्गातला डबा कोणी खाल्ला तर कोण उपाशी राहिले, खोटी सही केली तर बोलणी कोणाला बसली, हे त्या मुलाच्याच तोंडून वदवून घ्यावे आणि नुकसान भरून देण्याचे कामही त्याच्यावरच सोपवावे. पुढे त्या मुलाची श्रद्धा टिको किंवा न टिको, हे शिकलेले त्याच्यापाशी राहील.

आपला,
सामाजिक मानसशास्त्राचा एक अध्यापक, पुणे