बिघाडाच्या वहीलाही गुण द्या

संपादक महोदय,

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस जवळ आले की स्टेशनरीच्या दुकानांत ज्वालामुखी, पवनचक्क्या आणि पावसाचे पाणी साठवणारी तयार घरे मांडली जातात. (थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, प्रदर्शनाच्या टेबलांपर्यंत ती बातमी अजून पोचलेली दिसत नाही.) आता त्याच टेबलांवर ‘डिझाइन थिंकिंग’ (वापरणाऱ्याची अडचण समजून घेऊन, नमुने करून आणि तपासून उपाय शोधण्याची पद्धत) अशी पाटी येऊ लागली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये हा विषय नावानिशी आहे, त्यामुळे शाळांना तो टाळता येणार नाही. पण होते काय, तर समजून घ्या, प्रश्न ठरवा, कल्पना सुचवा, नमुना करा, तपासा अशा पाच रंगीत गोलांचा तक्ता भिंतीवर लागतो आणि मुले थेट चौथ्या गोलापासून कामाला लागतात. चिकित्सक विचाराची सवय लागते ती पहिल्या दोन गोलांत आणि शेवटच्यात. नेमके तेच गाळले जातात.

शाळेतल्या नळकोंडाळ्याचेच उदाहरण घ्या. ‘पाणी वाचवा’ हा प्रकल्पाचा विषय होत नाही, ती भिंतीवरची घोषणा झाली. सातवीच्या साठ मुलांचे पाच-पाचचे बारा गट करा. नळापाशी बारा गट मावणार नाहीत, म्हणून रोज चार, असे तीन दिवस मधल्या सुट्टीत निरीक्षणाला पाठवा. सोबत एक लिटरची बाटली, घड्याळ आणि वही, बस्स. पहिल्या दिवशी हमखास फसगत होते: वही घेऊन कुणी उभे आहे म्हटल्यावर सगळे नळ नीट बंद होतात. दुसऱ्या दिवशी मुलांनी लांब, व्हरांड्यातून मोजावे आणि दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. मोजणाऱ्यामुळे मोजमाप बदलते, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

बाटली १० सेकंदांत भरली, तर नळातून मिनिटाला ६ लिटर पाणी येते. साबण चोळायच्या २० सेकंदांत नळ उघडा राहिला तर २ लिटर वाया. मुले लगेच गुणाकार करतात: शाळेत सगळी मिळून मुले १८०, म्हणजे रोज ३६० लिटर! हा आकडा तक्त्यावर चढण्याआधी शिक्षकांनी एवढेच विचारावे, ‘१८० पैकी साबण लावला किती जणांनी?’ वही चाळली की फारच थोडे निघतात. मग दुसरा हिशेब. नळ ६, सुट्टी २० मिनिटांची, म्हणजे एका नळामागे ३० मुले आणि प्रत्येकाला ४० सेकंद. साबण लावून नीट हात धुवायला साधारण तेवढेच लागतात; डबा खायला वेळ उरतच नाही. पाणी वाया जाते हा प्रश्न बाजूला पडतो आणि मुले हातच धुवत नाहीत, हा पुढे येतो. आपण धरून आलेला प्रश्न आपल्याच आकड्यांमुळे सोडावा लागणे, यापेक्षा चांगला धडा पुस्तकात सापडायचा नाही. त्यासाठी दोन तास खर्च झाले तरी ते सत्कारणी लागले.

मुलाखतींतही असेच घडते. ‘तू हात धुतोस का?’ असे विचारले की पहिलीतला मुलगाही ‘हो’ म्हणतो. ‘काल डबा खाण्याआधी काय काय केलेस, ते सांग’ असे विचारले की नळ उंच आहे, मोठी मुले ढकलतात, साबण संपलेला असतो, हे आपोआप बाहेर येते.

कल्पना सुचवताना पहिली पाच मिनिटे प्रत्येकाने गप्प बसून एकट्याने लिहावे, मग गटात वाचावे. एरवी मोठ्या आवाजाच्या मुलाची कल्पना हीच गटाची कल्पना ठरते. अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या योजनेतली, वस्तू करून पाहण्याची प्रयोगशाळा) असलेल्या शाळांनी थ्रीडी प्रिंटरला निदान पहिला आठवडा हात लावू नये. छापून आलेल्या गुळगुळीत वस्तूवर मुलांचा जीव जडतो, मग ती मोडून पाहायला कुणी धजत नाही. पुठ्ठा आणि सुतळीचे तसे नसते.

समजा, एखाद्या गटाने हात धुण्यासाठी टिपी टॅप, म्हणजे पायाने कलवायचा टांगता कॅन, निवडला. गोड्या तेलाचा पाच लिटरचा कॅन सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवायचा (कीटकनाशकाचा कॅन कितीही धुतला तरी चालणार नाही), वरच्या भागात, झाकणापासून सुमारे १२ सेंटिमीटर खाली, तापवलेल्या खिळ्याने २ मिलिमीटरचे भोक पाडायचे. खिळा पकडीत धरून हे काम शिक्षकांनीच करावे. कॅन मुठीतून आडव्या बांबूवर टांगायचा, मानेला बांधलेली दोरी खाली पायाच्या काठीला. काठी दाबली की कॅन कलतो आणि धार लागते. पाणी भोकाच्या खालपर्यंतच भरायचे, नाहीतर न कलवताच गळत राहते. हे चित्र इंटरनेटवर सहज मिळते. मुलांनी ते उतरवले तरी बिघडले नाही, कारण खरे काम ते चालेनासे झाल्यावर सुरू होते.

आणि ते चालेनासे होतेच. काठी दाबली, पाणी नाही. मुलांचे उत्तर तयार असते: भोक बुजले. शक्यता मात्र तीन असतात. झाकण घट्ट असेल तर आत हवा शिरत नाही आणि दोन-चार गुळण्या टाकून धार थांबते. पाणी निम्म्यावर आले असेल तर कॅन तेवढाच कलवून ते भोकापर्यंत पोचत नाही. किंवा भोकात खरेच कचरा असतो. घाईत मुले झाकण सैल करतात, कॅन भरतात, टाचणीही घालतात. पाणी येते आणि सगळे टाळ्या वाजवतात. कशामुळे आले, हे कुणालाच सांगता येत नाही. शिक्षकांनी इथे थांबवावे. आधी फक्त झाकण सैल करा, पाहा. नाही आले तर कॅन भरा, पाहा. टाचणी शेवटी. प्रत्येक वेळी बिघाडाच्या वहीत एक ओळ: काय बदलले, काय होईल असे वाटले होते, काय झाले. मधला रकाना आधी भरायचा; नंतर भरला तर सगळ्यांचे अंदाज बरोबरच निघतात. धार मोजायची ती तीनदा, आणि तीन आकड्यांतला मधला धरायचा.

नाव नवे असले तरी हाताने काम करत विचार करायला शिकवण्याची रीत आपल्याला परकी नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हस्तकामातून शिक्षणाची, मांडणी झाली, आणि पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम १९८३ पासून हेच करतो आहे. अडते ते गुणांपाशी. देखण्या मॉडेलला गुण आहेत तोवर मॉडेल पालकच करणार. म्हणून प्रदर्शन भरवणाऱ्यांना आमची सूचना अशी की २० पैकी ६ गुण निरीक्षणाच्या नोंदींना, ४ प्रश्न कसा बदलला त्याला, ७ बिघाडाच्या वहीला आणि ३ अखेरच्या वस्तूला द्यावेत. परीक्षकांनी पहिला प्रश्न ‘हे काय आहे?’ असा न विचारता ‘हे किती वेळा बंद पडले आणि का?’ असा विचारावा. विकत आणलेला ज्वालामुखी तिथेच उघडा पडेल.

आणखी एक. प्रदर्शन संपल्यावर कॅन रोज कोण भरणार, साबण कोण आणणार, हे गटाने लिहून दिल्याशिवाय प्रकल्प पुरा धरू नये. शनिवारी शाळा सुटताना कॅन रिकामा करून उलटा ठेवायचा, ही ओळही त्यात हवी. पाणी साठून राहिले तर त्यात डास होतात.

– विज्ञान शिक्षकांचा एक गट, पुणे