‘नकळत दारू सोडवा’ ही जाहिरात थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत बोअरवेल आणि वधू-वर सूचक मंडळांच्या मधे एक चौकट नेमाने येते : ‘दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत. रंग नाही, वास नाही, चव नाही. चहातून, भाजीतून द्या.’ खाली मोबाइल नंबर. पत्ता नाही, डॉक्टरचं नाव नाही, औषधाचं तर नाहीच. मी इचलकरंजीत व्यसनमुक्तीचं समुपदेशन करते. ही पुडी बायकांच्या पर्समधून माझ्या टेबलावर अनेकदा आली आहे, म्हणून हे पत्र.

पुडी घेणाऱ्या बाईला मी बोल लावत नाही. नवरा दवाखान्याची पायरी चढत नाही, हप्त्याचा पगार घरी पोचेपर्यंत निम्मा होतो. सासू म्हणते माळ घाला, भाऊ म्हणतो पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लाव. हे सगळं करून झालेलं असतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाने काही ना काही उपचार मिळाल्याचं सांगितलं. उरलेल्या ३७ जणांच्या घरी पेपर मात्र येतो.

पुडीत काय असतं? राख किंवा कसली मुळी असेल तर पैसे गेले, एवढंच. पण त्यात डायसल्फिराम असेल तर गोष्ट गंभीर. हे खरं औषध आहे. १९४८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी ते पुढे आणलं आणि आजही डॉक्टर लिहून देतात. ते अंगात असताना दारू घेतली की तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी उतरतं. हृदय आधीच कमकुवत असेल तर माणूस दगावू शकतो. गोळी थांबवल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणूनच तपासण्या करून, रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनेच ती द्यायची असते. शिवाय या गोळीचा निम्मा गुण ती घेतल्याचं ठाऊक असण्यातच आहे. सकाळी बायकोसमोर स्वतःच्या हाताने गोळी घेतली, की ‘आज प्यायलो तर हाल होतील’ हे संध्याकाळपर्यंत डोक्यात राहतं. ज्याला ठाऊकच नाही तो म्हणेल, आजचा माल खराब होता. उद्या दुसऱ्या दुकानातून आणू.

आणि पुडी सापडली तर? वर्षानुवर्षं पिणाऱ्यांपैकी काहींना बायकोच्या चारित्र्यावर संशय घेण्याचा विकार जडतो. अशा माणसाला आपल्या चहात पूड टाकताना ती दिसली, तर पुढचं तुमच्याच आतल्या पानावर छापून येतं.

‘मग तुम्ही काय करता?’ असं बायका विचारतात. खरं तर सुरुवात त्यांच्यापासूनच होते. नवऱ्याला ताप आहे असं मालकाला खोटं सांगायचं नाही, बारची उधारी भागवायची नाही, तो प्यायलेला असताना वाद घालायचा नाही. हे आधी. तो येतो तेव्हा दारूसाठी येत नाही, ‘पाय जळत्यात’ म्हणून येतो. मीही पायांपासूनच बोलायला लागते. झोप, भूक, रात्रपाळी. मग विचारते, “दादा, दारूनं तुम्हाला मिळतं काय?” हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेला नसतो. “मागाचा खडखडाट डोक्यातनं जातो बघा, झोप लागती.” त्यातूनच कधीतरी, “पण सकाळी हात थरथरतोय, धागा जोडता येत नाही.” हे वाक्य त्याने म्हणायचं असतं, मी नाही. सोडायची इच्छा दहापैकी किती, असं विचारलं की बहुतेक जण तीन-चार सांगतात. घरचे म्हणतील, दहा का नाही? मी विचारते, शून्य का नाही? उत्तर देताना पोरीच्या लग्नाचं, आईच्या औषधाचं, सोडायचं प्रत्येक कारण तो स्वतःच सांगत जातो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या विचारातून ही पद्धत वाढली. भाषण देणं त्यापेक्षा सोपं, पण भाषण त्याला घरी रोज मिळतंच.

रोज पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ असं मी कधी सांगत नाही. दारू एकदम तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत भिंतीवर किडे दिसायला लागतात, माणूस भ्रमिष्ट होतो, जिवावरही बेततं. तेवढे दिवस डॉक्टरांचे. माझं काम नंतर : पगाराच्या संध्याकाळी कोणत्या रस्त्याने घरी जायचं, लग्नाच्या वरातीत कुणाशेजारी उभं राहायचं. आणि घसरलाच, तर तोंड लपवण्याऐवजी दुसऱ्या दिवशी इथे यायचं. घसरणं आम्ही धरूनच चाललेलं असतं. शपथेला ती सोय नाही. ती मोडली की माणूस पुन्हा यायलाच लाजतो.

जाता जाता, पिणाऱ्याला जबरदस्तीने व्यसनमुक्ती केंद्रात नेणाऱ्यांच्या, ‘गाडी पाठवून उचलून नेऊ’ अशाही जाहिराती असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात, आणि रुग्णाला साखळीने बांधायला त्यात मनाई आहे. हा कायदा पाळता का, एवढं तरी तुमच्या जाहिरात विभागाने त्या जाहिरातदारांना विचारावं.

विनंती एकच. ‘नकळत’ची चौकट बंद करा आणि त्या जागेत दोन नंबर छापा : व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत आहेत. जागेचे पैसे लागत असतील तर कळवा, आम्ही वर्गणी काढू.

आपली,
एक व्यसनमुक्ती समुपदेशक, इचलकरंजी
(नाव व पत्ता संपादकांकडे)