दोन लाइन असूनही नेट बंद का?

संपादक महोदय,

‘नेट बंद, कामकाज ठप्प’ ही बातमी तालुक्याच्या पानावर सारखी दिसते. यातल्या अनेक ठिकाणी दोन कंपन्यांच्या जोडण्या असतात आणि दोन्हींची बिले दरमहा भरली जातात, हे मात्र बातमीत येत नाही. कराड-पाटण भागात मी पतसंस्था आणि दवाखान्यांची नेटवर्कची कामे करतो, म्हणून लिहितो.

राउटरमध्ये दोन डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचे दोन मार्ग, टाकता येतात. फायबरला मेट्रिक (पसंतीचा आकडा) 100 आणि फोरजीला 200 दिले, की राउटर कमी आकड्याचा मार्ग धरतो. बसवणारा एवढे करतो, राउटर आणि फायबरच्या डब्यामधली लॅन वायर उपसून दाखवतो, दुसरी लाइन सुरू होते, साहेब सही करतात. पण लाइन राउटरपाशी कुठे तुटते? ती तुटते लांब, रस्त्याच्या कामात, जेसीबीखाली. अशा वेळी कार्यालयातला फायबरचा डबा चालूच असतो. 192.168.1.1 या त्याच्या पत्त्याला पिंग केले, म्हणजे ‘आहेस का?’ असे विचारले, तर लगेच उत्तर येते, लॅनचा दिवा हिरवा असतो. फक्त ‘एलओएस’चा, म्हणजे फायबरचा सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकतो, आणि तो राउटरला दिसत नाही. राउटर सगळा ट्रॅफिक त्या मेलेल्या मार्गावर ढकलत राहतो. फोरजी बाजूला रिकामे पडून असते आणि काउंटरसमोर पैसे काढायला आलेली म्हातारी माणसे ताटकळत बसतात. एका पतसंस्थेत हे मी स्वतः पाहिले आहे आणि त्याचा मला राग येतो, कारण इलाजाला नवे यंत्र लागत नाही.

राउटरने डब्याला नव्हे, तर डब्यापलीकडच्या एक-दोन पत्त्यांना दर काही सेकंदांनी पिंग करावे, उत्तर थांबले की फोरजीवर जावे, आणि ते पिंग फायबरमधूनच जाईल असे बांधून टाकावे. नाहीतर ते फोरजीतून जाऊन परत येते, राउटरला फायबर सुधारल्यासारखे वाटते आणि लाइन सारखी इकडून तिकडे उड्या मारते. फायबर परत आल्यावरही काही मिनिटे थांबूनच त्यावर यावे.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. लाइन बदलली की बाहेरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर कार्यालयाची ओळख असलेला क्रमांक, बदलतो. मुख्य बँकेच्या सर्व्हरवर पहिलाच पत्ता नोंदलेला असेल, तर नेट चालते पण व्यवहार होत नाही. म्हणून दुसऱ्या लाइनलाही स्थिर (न बदलणारा) आयपी घेऊन तो आधीच नोंदवून ठेवावा. (दुसरी लाइनही केबलचीच असेल आणि दोन्ही केबल एकाच खांबावरून आणल्या असतील तर यातले काहीच उपयोगाचे नाही.)

ग्रामीण रुग्णालये, तहसील कार्यालये आणि सहकारी संस्थांनी निविदेतच ही अट घालावी: काम ताब्यात घेताना लॅनची वायर तशीच ठेवून डब्यातली फायबर काढायची आणि त्याच अवस्थेत एक खरा व्यवहार पूर्ण करून दाखवायचा. तो झाल्याशिवाय बिल मंजूर करू नये.

— एक नेटवर्क तंत्रज्ञ, कराड