हाड टाकू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. पाहुणे गेले, डुकराच्या मांडीचा तो खारवलेला, धुरावलेला हॅम संपला, आता फ्रिजमध्ये नुसतं हाड पडलंय, ते टाकून देऊ का, असं विचारलंयस. अरे, टाकू नकोस! सगळ्या हॅममध्ये मला सर्वांत जास्त जीव असतो तो त्या हाडावरच.

हाडाच्या टोकाशी, सांध्यापाशी पांढरं, चिवट काहीतरी चिकटलेलं दिसेल. दाताने तुटत नाही म्हणून आपण ते बाजूला ठेवतो. ते कोलॅजेन. मंद आचेवर दोन-तीन तास राहिलं की त्याचं जिलेटिन होतं, म्हणजे गार झाल्यावर जेलीसारखं धरणारं प्रथिन, आणि पाण्याला अंग येतं. धुराचा वास आणि मुरलेलं मीठ तर हाडाला आधीच लागलेलं असतं.

आधी ते नीट बघून घे. हॅमवर मधाचा किंवा साखरेचा लेप असेल तर तो खरवडून टाक, नाहीतर सूप गोडसर होतं. मग मोठं पातेलं घे, हाड बुडेल एवढं गार पाणी, एक कांदा, एक गाजर, दोन तमालपत्रं, दहा-बारा मिरे. मीठ मात्र चिमूटभरही नको. पहिल्या खेपेला मी हाताच्या सवयीने सुरुवातीलाच मीठ टाकलं. पाणी आटत गेलं तसा खारटपणा वाढत गेला. बटाटे घातले, तर बटाटे खारट झाले आणि रस्सा होता तसाच राहिला. पाणी वाढवलं तेव्हा कुठे तो तोंडात घेण्याजोगा झाला, पण दाटपणा गेला. फार वाईट वाटलं होतं. म्हणून सांगतो, मीठ अगदी शेवटी, चव घेऊनच.

उकळी आली की आच इतकी कमी कर की कडेला एखाद-दुसराच बुडबुडा फुटेल. खळखळ उकळलं तर चरबी पाण्यात मिसळते आणि रस गढूळ होतो. वर येणारा फेस झाऱ्याने काढत राहा. घाई असेल तर कुकरमध्ये पाऊण तासात काम होतं, पण माझ्या मते पातेल्यातला रस जास्त स्वच्छ लागतो. मांस आपोआप सुटायला लागलं की हाड बाहेर काढ, मांस निवडून घे, रस गाळ. मांस शिजूनही गुलाबीच दिसेल. ते कच्चं नाही, हॅम मुरवताना वापरलेल्या नायट्राइट नावाच्या क्षारामुळे तो रंग टिकतो.

रस उथळ भांड्यांत वाटून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेव. सकाळी भांडं हलवून बघ. वर चरबीचा पांढरा थर आणि खाली रस जेलीसारखा थरथरतोय, असं दिसलं की समज, जमलं! ती चरबी टाकू नकोस, तिच्यातच पुढच्या सूपचा कांदा परत.

पहिल्यांदा वाटाण्याच्या डाळीचं सूपच कर. अर्धा किलो डाळ, दोन लिटर रस, परतलेला कांदा आणि गाजर. डाळ भिजवायला लागत नाही, तासाभरात गळून जाते. शेवटी शेवटी तळाला लागते, तेव्हा पातेल्यापासून हलू नकोस. निवडलेलं मांस उतरवताना घाल. दुसऱ्या दिवशी ते इतकं घट्ट होतं की चमचा उभा राहतो. मला तर तेच जास्त आवडतं, थोडं पाणी घालून गरम करायचं.

कडधान्यं घालणार असशील तर रात्री भिजव आणि टोमॅटो ती मऊ झाल्यावरच घाल, आंबटात सालं कडक राहतात. राजमा असेल तर भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात आधी दहा मिनिटं खळखळून उकळ. त्यात एक विषारी घटक असतो, नुसत्या मंद आचेवर तो जात नाही. बाकी बटाट्याचं सूप, पालेभाजी, या रसात शिजवलेला भात, यांना काही सांगायला नको.

हॅम कापून तीन-चार दिवस व्हायच्या आत हाड वापर. आत्ता वेळ नसेल तर घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाक, दोनेक महिने चव चांगली राहते. पण जमलं तर आज रात्रीच पातेलं चढव. आणि सकाळी रस थरथरला की नाही, ते मला लगेच कळव.

तुझाच,
मित्र