पॅथॉलॉजिस्ट मॅडम, आईच्या वतीने आभार

आदरणीय मॅडम,

आम्ही तुम्हाला आठवणारही नाही कदाचित. ठाण्याहून आलेली मायलेकींची जोडी, आई सगळ्यांना प्रश्न विचारत सुटलेली.

बाबांची पाठदुखी, उतरलेलं वजन, अचानक चढलेली साखर हे सगळं इथल्या दोन नावाजलेल्या डॉक्टरांनी ‘ॲसिडिटी’ म्हणून निकालात काढलं. गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही, असं सोनोग्राफीच्या रिपोर्टवर स्पष्ट लिहिलं होतं. तरी सीटी स्कॅन करा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं काय, तर ‘वहिनी, तेलकट बंद करा.’ आईने कढईच माळ्यावर टाकली.

तुम्ही मात्र एंडोस्कोपी चालू असताना तिथे हजर होतात. सुईतून आलेल्या पेशी जागेवरच रंगवून पाहिल्यात आणि नमुना पुरेसा आहे याची खात्री करून घेतलीत. बाबांना पुन्हा टोचावं लागलं नाही.

रिपोर्टमध्ये आलेला प्रकार स्वादुपिंडाच्या शंभर कॅन्सरमध्ये एकही नसतो. आई म्हणाली, ‘मला बघता येईल?’ तुम्ही हसला नाहीत. स्टूल ओढलंत, तिला चष्मा काढायला लावलात, मायक्रोस्कोप जुळवून दिलात. ‘या मोठ्या पेशी दिसतात ना, एकेकीत ढीगभर केंद्रकं असलेल्या? दिसायला राक्षसी, पण कॅन्सर त्यांचा नाही. तो आजूबाजूच्या या वेड्यावाकड्या पेशींचा.’

आई बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘माझ्या तळणीने झालं का हो?’

‘नाही काकू. तुमच्या स्वयंपाकाचा काही संबंध नाही.’ तिचा चेहरा बघून पुढे म्हणालात, ‘लिहून देऊ?’ आणि खरंच लॅबच्या पॅडवर दोन ओळी लिहून खाली सही केलीत.

पेशंटच्या घरच्यांशी बोलणं हे तुमचं कामही नव्हे. रिपोर्ट हातात दिला असतात तरी कुणी नावं ठेवली नसती. ज्यांचं काम होतं, त्यांना पाच मिनिटं नव्हती. माणुसकी डिग्रीसोबत मिळत नाही हेच खरं, पण तुमच्याकडे दोन्ही निघालं.

बाबा श्रावणात गेले. त्याआधी कढई खाली आली होती. एन्झाइमची कॅप्सूल घेऊन त्यांनी घासभर का होईना, कोथिंबीर वडी खाल्ली. तुमचा कागद आईने आत्याला दोनदा वाचून दाखवला. तळणीवरून सर्वात जास्त तीच बोलली होती. आता तो कपाटात साड्यांखाली आहे.

मनापासून आभार.

आपली,
ठाण्याची एक लेक